व्हेल्ड शॅमेलिऑन मादी: पिंजऱ्यापासून पिल्लांपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

प्रकल्प एका मादीपुरता ठेवला आहे. जात व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा, फांद्यांवर राहणारा सरडा; शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस. मूळ मुलूख येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा. तिथल्या डोंगरउतारांवर दिवसा हवा कोरडी होते आणि रात्री गारव्याबरोबर दव, धुकं उतरतं. पाण्याचा पुढचा सगळा हिशेब याच गोष्टीवर बेतला आहे.

या जातीची मादी नर असो वा नसो, कोंबडीसारखी अंड्यावर येतेच. अंड्यांची खेप किती मोठी होईल हे बऱ्याच अंशी तिला किती खाऊ घातलं आणि किती ऊब दिली यावर ठरतं, म्हणजे पाळणाऱ्याच्या हातात असतं. मोठ्या खेपांनी मादी लवकर झिजते, म्हणून प्रत्येक नोंदीत वजन, खाणं आणि तापमान लिहायचं ठरलं.

पिंजरा ६० × ६० × १२० सेंमी. ॲल्युमिनियमची चौकट, मागे आणि दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा पत्रा, दारावर आणि छताला जाळी. दाराखाली १० सेंमी उंचीची जाळीची पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. वर दिवे तापले की गरम हवा छतातून निघून जाते आणि खालच्या पट्टीतून थंड हवा आत ओढली जाते. सगळीकडून काचेच्या टाकीत हा ओढा तयार होत नाही. ओल कोंडते आणि फुप्फुसाचे आजार सुरू होतात. चारही बाजू जाळीच्या असतील तर कोरड्या खोलीत रात्रीची ओल टिकत नाही. पत्रा आणि जाळी अशी मिसळ म्हणूनच.

पिंजरा ७५ सेंमीच्या स्टँडवर. वरच्या फांद्या माणसाच्या डोळ्यांच्या वर गेल्या की प्राणी निवांत बसतो. जमिनीलगतचा पिंजरा कितीही मोठा असला तरी शॅमेलिऑन त्यात दबूनच राहतो.

११ जानेवारी

फांद्या बसवल्या. शॅमेलिऑनचा पाय म्हणजे चिमटाच: पुढच्या पायाला बाहेरच्या बाजूला दोन आणि आतल्या बाजूला तीन बोटं, मागच्या पायाला नेमकं उलट. पकड नीट बसायला फांदी अशी हवी की दोन्हीकडची बोटं समोरासमोर येतील पण एकमेकांवर चढणार नाहीत. प्रौढ मादीला ८ ते २० मिमी जाडी चालते. एकाच जाडीच्या काठ्या लावल्या तर पायाच्या त्याच जागेवर सतत दाब येतो, म्हणून जाडी मिसळून घेतली. तीन आडव्या वाटा वेगवेगळ्या उंचीवर, त्यांना जोडणाऱ्या तिरक्या फांद्या, आणि वरपासून तळापर्यंत एक सलग उतार. अंडी घालायला मादीला खाली उतरावंच लागतं, तेव्हा तो उतार चुकवू नये.

फांद्या पत्र्याला केबल टायने न बांधता आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने कसल्या. जाळीवर भार टाकला की ती झोळ खाते.

झाडं: फायकस बेंजामिना, शेफ्लेरा, मनीप्लांट, खाली जास्वंद. ही जात पानं कुरतडते, त्यामुळे प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पाण्याने धुतलं आणि कुंडीतली वरची माती बदलली, कारण दाणेदार खताचे गोळे तिथे असू शकतात. वरच्या तिसऱ्या भागात पानांची दाटी इतकी ठेवली की मादीला पूर्ण लपता यावं.

१४ जानेवारी

यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा: टी५ हाय आउटपुट नळी, ६ टक्के, २४ वॉट, रिफ्लेक्टरसह, छताच्या जाळीवर आडवी. शेकायची फांदी जाळीखाली २३ सेंमी. मोजमाप फांदीवर न करता मादीची पाठ येईल त्या उंचीवर, म्हणजे फांदीच्या ६ सेंमी वर केलं: यूव्ही निर्देशांक ३.१. हवा होता ३. जाळी काढून मोजलं तेव्हा आकडा ४.७ आला, म्हणजे या जाळीने एक तृतीयांश खाल्ला. जाळीचा विणकाम-दाटपणा बदलला की हा हिशेब बदलतो; दुसऱ्याच्या पिंजऱ्यातलं अंतर उचलून वापरू नये. काच आणि ॲक्रिलिक तर यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवतात, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा इथे उपयोग नाही.

ऊब: साधा ४५ वॉटचा बल्ब, छताच्या जाळीपासून ८ सेंमी वर टांगलेला. पाठीच्या उंचीवर तारेच्या टोकाचा थर्मामीटर लावून २७ अंश सेल्सियस मिळवले. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग मोजते, हवेतलं सांगत नाही. नराला २९-३० चालतं, पण मादीला जास्त ऊब म्हणजे जास्त भूक आणि मोठी खेप. डोक्यावरचा तुरा हा शरीराचा सर्वांत उंच भाग असल्याने दिवा जवळ असेल तर तोच आधी भाजतो, आणि भाजल्याचं प्राण्याला वेळीच कळत नाही.

पिंजऱ्याच्या मधल्या भागात २३-२४, तळाशी २२. दिवे १२ तास. रात्री ऊब नाही. खोली १८ पर्यंत उतरते, ते हवंच आहे.

१८ जानेवारी

पाणी. शॅमेलिऑन वाटीतलं स्थिर पाणी ओळखत नाही असं धरून चालावं. पानावरचा चकाकणारा थेंब तो चाटतो. तीन सोयी केल्या.

फवारा: दोन नोझल, दिवे लागण्याआधी २ मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर २ मिनिटं. एका वेळी सुमारे ३५० मिली पाणी पडतं, हे बादलीत धरून मोजलं. ठिबक: दुपारी वीस मिनिटं, सेकंदाला एक थेंब, मनीप्लांटच्या रुंद पानावर. फॉगर: रात्री १२ ते सकाळी ६.

दिवसा आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर येऊ द्यायची, रात्री ८५ च्या वर न्यायची. दिवसभर ओलं ठेवण्याची सवय जुनी आहे आणि त्यातून त्वचेचे, श्वासाचे आजार निघतात. ओल, ऊब आणि साचलेली हवा एकत्र आली की जंतू माजतात. गार रात्री धुकं सोडलं तर झोपलेला प्राणी श्वासावाटे पाणी कमी गमावतो आणि सकाळी बेताचंच पितो. खोली रात्री २२ च्या खाली उतरत नसेल तर फॉगर बंदच ठेवावा.

फॉगरमध्ये डिस्टिल्ड पाणी. जड पाण्याने पानांवर पांढरी भुकटी बसते आणि तीच श्वासात जाते. टाकी दर आठवड्याला हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवायची. तळाचा ट्रे मागच्या कोपऱ्याकडे १ सेंमी उताराचा, तिथून नळी बादलीत.

२१ जानेवारी

मादी यायच्या आधी अंड्यांचा डबा आत गेला. प्रकल्पातली ही सर्वांत महत्त्वाची वस्तू. अंडी तयार झाली आणि खणायला जागा नसली तर मादी अंडी धरून ठेवते, आणि त्यातच अडते.

डबा ४० × ३० सेंमी, उंची ३५, अपारदर्शक. भर २८ सेंमी: चार भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग खत नसलेली माती. पाणी थोडं थोडं घालत हाताने कालवलं. कसोटी अशी: मूठ आवळली की गोळा टिकावा आणि बोटांतून पाणी निथळू नये, मग तळापर्यंत हात घालून तिरकं भोक पाडावं, त्याच्या भिंती तासाभराने तशाच उभ्या दिसायला हव्यात. पहिल्या खेपेला भोक ढासळलं, वाळू कोरडी होती. ४०० मिली पाणी वाढवल्यावर टिकलं. नुसत्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं, दाणेदार खनिज) किंवा नारळाच्या भुशात बोगदा उभा राहत नाही आणि मादी चार-पाच अर्धवट खड्डे करून थकून जाते.

२५ जानेवारी

मादी आली. वय सुमारे १३ महिने, वजन १२८ ग्रॅम, नराशी कधी संबंध नाही. टाचेला काटा नाही. नराला तो अंड्यातून बाहेर पडल्यापासून असतो, त्यामुळे शंकेला जागा नाही. आधीच्या जागी रोज पोटभर खाणं आणि शेकायला ३२ अंश होते. एवढ्यावरून मोठी खेप येणार हे उघड आहे.

तपासणी: डोळ्यांचे बुरूज भरलेले, पापणीची भोकं मोकळी, जबडा दाबल्यावर कडक, चारही पायांची हाडं सरळ, चालताना पोट फांदीवरून उचललेलं. जबडा रबरासारखा लवला असता किंवा कोपर वाकडं दिसलं असतं तर हाडं ठिसूळ झाली असं समजून आधी एक्स-रे काढला असता.

पिंजऱ्यात सोडून समोरची बाजू दोन दिवस चादरीने झाकली.

२ फेब्रुवारी

खाण्याचं वेळापत्रक: दिवसाआड चार रातकिडे किंवा तेवढ्या मापाची डुबिया झुरळं, आठवड्यातून एकदा रेशमाच्या अळ्या. किड्याची जाडी मादीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको.

रातकिड्यात कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतं, म्हणून किड्यांना आदल्या दिवसापासून हिरवा पाला, गाजर, भोपळा खायला घालायचा आणि देताना कॅल्शियमची भुकटी हलकेच भुरभुरायची, प्रत्येक वेळी, डी३ जीवनसत्त्व नसलेली. डी३ आणि रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) असलेलं मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा. यूव्हीबीखाली शरीर डी३ स्वतः बनवतं. वरून रोज डी३ दिलं तर कॅल्शियम मऊ अवयवांत साचतं. अ जीवनसत्त्वाचं मात्र गाजरावर भागेल असं धरू नये, भुकटीत तयार रेटिनॉल हवं. त्याच्या कमतरतेची पहिली खूण म्हणजे सुजलेल्या पापण्या आणि कात सोलून न निघणं.

९ फेब्रुवारी

सकाळी ७.१०, दिवे नुकतेच लागलेले, पाठीजवळ १८.५ अंश. झुरळ समोरच्या फांदीवर २५ सेंमीवर होतं. मादीचे दोन्ही डोळे, जे एरवी आपापल्या दिशेला फिरत असतात, पुढे वळून झुरळावर स्थिरावले. तोंड फटीएवढं उघडलं, जिभेचं गोळीसारखं टोक ओठांशी आलं, क्षणभर तिथेच राहिलं. मग झुरळ फांदीवर नव्हतं. फेक दिसलीच नाही. जीभ परत येताना मात्र लोंबत, संथपणे आत गेली.

याचं कारण जिभेच्या रचनेत आहे. जिभेच्या मध्ये हायॉइडचा, म्हणजे जिभेला आधार देणाऱ्या हाडाचा, निमुळता काटा असतो. त्याभोवतीचा स्नायू आणि दोहोंमधल्या कोलॅजनच्या आवरणांत आधी ताण साठवला जातो, आणि तो सुटला की धनुष्यातून बाण सुटावा तशी जीभ जाते. ताण सुटण्याला थंडीचं फारसं काही नाही. आत ओढणं हे साध्या स्नायूचं काम, ते गारव्यात मंदावतं. २०१० साली अँडरसन आणि डेबन यांनी याच जातीवर हे मोजून दाखवलं: तापमान १० अंश उतरलं तर फेकीची कामगिरी थोडीच घटते, ओढण्याची निम्म्याच्या आसपास. पाळणाऱ्यासाठी अर्थ असा की गार सकाळी भक्ष्य पकडता येतं, पण पचवायला ऊब लागतेच. म्हणून खाणं दिवे लागल्यानंतर तासाभराने द्यायचं, लवकर नाही.

जीभ वारंवार चुकू लागली तर आधी डोळे आणि मग कॅल्शियम तपासावं. जीभ बाहेर येऊन आत जात नसेल तर थेट डॉक्टरांकडे.

१७ फेब्रुवारी

वजन १४१. कालपासून खाणं बंद. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंना गोट्यांसारखे उंचवटे दिसतात. सकाळपासून ती वर-खाली फेऱ्या मारते आहे, तळाच्या कोपऱ्यात दोनदा पायाने खरवडलं. डब्यातली वाळू पुन्हा तपासली, १५० मिली पाणी कडेने सोडलं. पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी कापड. बघायला वरच्या कोपऱ्यात छोटा कॅमेरा.

खणताना माणूस दिसला तर मादी खड्डा सोडून वर जाते, आणि असं दोन-तीनदा झालं तर खणणंच थांबवते.

२० ते २२ फेब्रुवारी

२० ला दुपारी खणायला सुरुवात. पुढच्या पायांनी माती ओरबाडायची, मागच्या पायांनी बाहेर लोटायची, थोडं थांबायचं. संध्याकाळपर्यंत फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. दिवे गेल्यावर ती बोगद्यातच झोपली. तिला बाहेर काढलं नाही.

२१ ला दुपारी बोगद्यात वळली, डोकं तोंडाशी आलं. दर काही मिनिटांनी अंग आक्रसत होतं. संध्याकाळी बाहेर आली आणि माती परत आत लोटू लागली: पुढच्या पायांच्या मुठींनी ठोकून, वर चालून, पुन्हा ठोकून. २२ ला सकाळी वर चढताना दिसली. बाजू आत गेलेल्या, कातडी सैल, डोळे थकलेले पण उघडे. वजन ९३. लगेच अर्धा तास ठिबक सोडलं. ती अकरा मिनिटं सलग प्यायली.

वाळू चमच्याने बाजूला करून खेप काढली: ४६ अंडी, एकूण ४४ ग्रॅम. नर नव्हता, सगळी वांझ. ४८ ग्रॅम म्हणजे खाणं थांबवलं तेव्हाच्या वजनाचा तिसरा हिस्सा एका खेपेत गेला. पुढच्या वेळी हे होऊ द्यायचं नाही.

अडल्याची लक्षणं इथेच लिहून ठेवू, कारण वेळ आली की शोधत बसायला अवधी नसतो: दिवसा डोळे मिटून बसणं, डोळे आत ओढलेले, तळाशी पडून राहणं, खणणं सुरू करून अर्धवट सोडणं आणि मग अंगातली ताकद जाणं. यातलं एकही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर त्याच दिवशी. कारणं बहुधा कॅल्शियमची तूट, पाण्याची तूट, खणायला जागा नसणं किंवा बेढब अंडं. इंजेक्शनने काम झालं नाही तर शस्त्रक्रिया करावी लागते.

१२ मार्च

अंड्यांनंतर दोन आठवडे रोज खाणं दिलं, मग पुन्हा दिवसाआड. वजन १०१. शेकायला २७ कायम.

३० एप्रिल

विष्ठेसोबतचा युरेटचा (लघवीच्या जागी पडणारा घट्ट) भाग गेले तीन वेळा गडद नारिंगी, पांढरा नाही. शरीराला पाणी कमी पडतं आहे. आर्द्रतामापक रात्री ८८ दाखवत होता, त्यामुळे धुक्यावर संशय आला नाही. शेवटी फवारा बादलीत धरून मोजला: ३५० ऐवजी १४० मिली. एक नोझल खनिजांनी चोंदलेलं होतं आणि नेमकं तेच मादीच्या आवडत्या पानांवर उडायचं. दोन्ही नोझल व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून साफ केली, टाकीत आता फिल्टर केलेलं कमी क्षारांचं पाणी. पाच दिवसांत युरेट पांढरा, टोकाला फिकट पिवळा. बादलीत मोजमाप दर महिन्याला करायचं ठरलं.

१० जून

वजन १०४. अंगावर निळे ठिपके, हिरवा रंग शांत, नराच्या पिंजऱ्यासमोर धरल्यावर काळवंडली नाही. तयार आहे. मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडलं. तिने तोंड वासलं असतं, अंग डोलवलं असतं किंवा गडद होऊन त्यावर पिवळे डाग उमटले असते तर लगेच बाहेर काढलं असतं. जबरदस्तीने ठेवलेल्या जोडीत चावे बसतात. ती हळू पुढे सरकत राहिली. मीलन १७ मिनिटं.

११ जून

दुपारपर्यंत मादी जवळजवळ काळी, त्यावर पिवळे आणि निळे ठिपके. नर दिसताच तोंड वासून फुस्कारली. तिला परत आपल्या पिंजऱ्यात आणलं.

हा रंग लपण्यासाठी नाही, नकार सांगण्यासाठी आहे. शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असलेल्या पेशी असतात, आणि स्फटिकांमधलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो, हे २०१५ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. गडदपणा येतो तो वेगळ्या, मेलॅनिनच्या पेशींमुळे. पाळणाऱ्याने रंगाकडे भाषा म्हणून पाहावं: काळवंडलेली मादी दिसली की आधी आठवावं, समोर काय आहे?

८ आणि ९ जुलै

मीलनानंतर २८ व्या दिवशी खणणं, २९ व्या दिवशी अंडी. खेपेआधी वजन १२३, नंतर ९५. अंडी २६, एकूण २६ ग्रॅम. पहिल्या खेपेपेक्षा वीसने कमी, आणि मादी दुसऱ्याच दिवशी खाऊ लागली. चार महिन्यांच्या बेताच्या खाण्याचा आणि २७ अंशांचा हा परिणाम.

अंडी काढताना वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतली, प्रत्येकावर मऊ पेन्सिलीने ठिपका. झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट १०० ग्रॅमला पाणी ८० ग्रॅम. अंगठ्याने खळगे करून अंडी अर्धी रुतवली, दोन अंड्यांत २ सेंमी अंतर, म्हणजे एक सडलं तर बुरशी शेजारी जात नाही. झाकणाला चार बारीक भोकं. डबा, अंडी, ओल सगळं मिळून वजन ४१८ ग्रॅम. ते झाकणावर लिहिलं. उबवण पेटी २७ अंश.

तापमानाने या जातीत नर-मादी ठरत नाही, लिंग गुणसूत्रांवर ठरतं. म्हणून तापमान निवडताना फक्त भ्रूणाची तब्येत बघायची.

३० जुलै

दोन अंडी पिवळी पडून बुरशी आली, चमच्याने काढली. बाकी २४ टपोरी.

१४ सप्टेंबर

अंधारात बारीक टॉर्चवर धरून पाहिली, अंडी न फिरवता. बहुतेकांत गुलाबी झाक, सहांत बारीक शिरा. आधीच्या दोन महिन्यांत काहीच दिसलं नव्हतं, आणि दिसायचं नसतंच: व्हेल्ड शॅमेलिऑनचं अंडं घातलं जातं तेव्हा भ्रूण गॅस्ट्रुला या अगदी प्राथमिक अवस्थेच्याही सुरुवातीच्या पायरीवर असतो आणि पुढचे कित्येक आठवडे तो फार हळू सरकतो. या काळात अंडी फेकून देण्याची चूक सर्रास होते. अंडं पिचून, पिवळं पडून बुरशी येईपर्यंत ते जिवंत समजावं.

डब्याचं वजन ४१८ वरून ४११. सात ग्रॅम कोमट पाणी कडेने, अंड्यांवर थेंब न पडू देता.

३ ऑक्टोबर

पेटीतल्या थर्मोस्टॅटची तार झाकण बंद करताना बाहेर सरकली. तिला खोलीतला गारवा लागत राहिला आणि हीटर चालूच राहिला. वेगळ्या थर्मामीटरवर सकाळी ३१.४ दिसले, जास्तीत जास्त पाच तास. झाकण तासभर उघडून सावकाश उतरवलं. तार आता डब्याला चिकटपट्टीने बांधली आहे, आणि तीस अंशांवर वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट मालिकेत जोडला. एकाच तारेवर पेटी ठेवणं ही चूकच होती.

२ नोव्हेंबर

मादीची तिसरी खेप, नराची पुन्हा भेट न होता. १८ अंडी. वजन खेपेआधी ११४, नंतर ९४. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते, त्यामुळे ही अंडी वांझ धरली नाहीत. वेगळ्या डब्यात, त्याच पद्धतीने.

१० डिसेंबर

पहिल्या डब्यात एक अंडं पिचून तपकिरी. उघडलं: अर्धवट वाढलेला भ्रूण. २३ शिल्लक, आकाराने सुरुवातीच्या जवळपास दीडपट.

१७ ते २१ जानेवारी

१७ ला अंड्यांवर घामासारखे थेंब. १९ ला, म्हणजे १९४ व्या दिवशी, पहिल्या अंड्याच्या टोकाला चांदणीसारख्या चिरा. नाकपुड्या बाहेर आल्या आणि तशाच सात तास राहिल्या. या वेळी अंडं फाडून मदत करायची नाही. पिल्लू आत बलक शोषून घेत असतं, ओढलं तर बलकाची पिशवी फाटते. २१ च्या संध्याकाळपर्यंत २२ पिल्लं बाहेर. एक पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मेलं, कवच चिरलंही नव्हतं. लांबी शेपटीसकट ६ ते ७ सेंमी. टाचेचे काटे भिंगाखाली मोजले: १० नर, १२ माद्या.

बाहेर आलेली पिल्लं दिवसभर त्याच डब्यात, मग पाच-सहांच्या गटात ३० × ३० × ४५ च्या जाळीच्या पिंजऱ्यांत. फांद्या २-३ मिमी, काडेपेटीच्या काडीएवढ्या. शेकायला २६, यूव्ही निर्देशांक १.५ ते २. फवारा अगदी बारीक. जाड थेंबात एवढं पिल्लू चिकटून बुडतं. खाणं तिसऱ्या दिवसापासून: बिनपंखी फळमाशा, नंतर ३ मिमीचे रातकिडे, कॅल्शियम रोज हलकं. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढायचे, ते झोपलेल्या पिल्लांची बोटं कुरतडतात.

९ फेब्रुवारी

२२ पैकी २१ जिवंत. एक दहाव्या दिवसापर्यंत खातच नव्हतं. दोन गटांत शेपटीचे चावे दिसले, त्यातली मोठी पिल्लं वेगळी केली. आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत सगळीच स्वतंत्र पिंजऱ्यात जातील. नोव्हेंबरच्या १८ अंड्यांपैकी पाचांत शिरा दिसतात.

मादी १०३ ग्रॅम, खाणं नीट, आज सकाळी निळे ठिपके पुन्हा उमटू लागले आहेत. यूव्हीबी नळी वर्षाची झाली, पाठीच्या उंचीवर निर्देशांक २.३, म्हणून बदलली आणि पुन्हा ३ वर आणली. अंड्यांच्या डब्यातली वाळू उपसली, धुतली, २८ सेंमी भरली. भोक तासभर टिकलं.